बदकाच्या तिकिटावरची सही

माझा नवरा क्लोव्हिस बाबिनो बदकांच्या शिकारीच्या मोसमात गिऱ्हाइकांना दलदलीत घेऊन जायचा. शहरातून डॉक्टर यायचे, वकील यायचे, तेलकंपन्यांचे साहेब यायचे, आणि पहाटे आमच्या धक्क्यावर हा माणूस त्यांना शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं करायचा. "तिकीट काढा," म्हणायचा. म्हणजे बदकांचं तिकीट. दरवर्षी पोस्टात नवं येतं, त्यावर दरवेळी निराळ्या बदकाचं चित्र असतं. ते विकत घ्यायचं, शिकारीच्या परवान्याच्या मागे चिकटवायचं आणि चित्रावरून आडवी, शाईने सही करायची. सही नसली की तिकीट असून नसल्यासारखं. शिकारखात्याच्या वॉर्डनने धरलं तर दंड, आणि वर गावभर शोभा. एखादा म्हणायचा, "मिस्टर क्लोव्हिस, सही काय, होडीत बसल्यावर करतो की." क्लोव्हिस म्हणायचा, "होडीत कॉफी प्या. सही इथे."

तरुणपणी हाच माणूस त्या तिकिटाच्या नावाने बोटं मोडायचा. "बदकं काय सरकारने अंडी उबवून काढलीत?" असं म्हणत त्याने कित्येक मोसम बिनतिकिटाचे काढले. मग तेलवाल्यांनी दलदलीतून कालवे खणले, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं आणि गवत मुळापासून कुजलं. लग्नानंतर ज्या जागी त्याने मला पहिल्यांदा बदकं दाखवायला नेलं होतं, तिथे नुसतं उघडं पाणी उरलं. पलीकडचा तुकडा मात्र सरकारने तिकिटांच्या पैशातून विकत घेतला, बांध घातला, खारं पाणी बाहेर ठेवलं. दोन हिवाळ्यांत तिथे इतकी तलवार बदकं उतरली की क्लोव्हिस टोपी हातात घेऊन बांधावर उभाच राहिला. तिथून निघाला तो थेट पोस्टात गेला. तेव्हापासून आमच्या चर्चमधल्या फादरपेक्षा हाच जास्त प्रवचन द्यायला लागला. शिकार न करणाऱ्या बायकांनाही सोडायचा नाही. "तुम्हाला बदकं आवडतात ना बघायला? मग फुकट का बघता?" म्हणायचा. माझ्या बहिणीने त्याच्या तोंडाला कंटाळून एक तिकीट घेतलं आणि फ्रिजवर लावलं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याआधी तीन वर्षं त्याच्या डोळ्यांना उतरती कळा लागली होती. सगळं एकदम गेलं नाही. मधलं गेलं, कडेकडेचं राहिलं. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे दिसायचे, तोंड नाही. लाफायेत शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की यावर औषध नाही. येताना गाडी मी चालवली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "इर्मा, ही गोष्ट आपल्या दोघांत." मी म्हटलं, "आणि डॉक्टर?" तो म्हणाला, "तो डॉक्टर कुठे शिकारीला येतो."

मग मी होडीत जायला लागले. गावात हसू झालं. "म्हातारपणी नवरा सोडवत नाही वाटतं," असं पोस्टातली बाई माझ्या तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यांना पहाटेची हवा मानवते. खरं म्हणजे मी त्याच्या पुढ्यात बसून हळूच सांगायचे, खांब डावीकडे आहे, दोरी पायात येतेय. वाटा त्याला पाठ होत्या. बदकांच्या पंखांचा आवाज ऐकून कुठली जात आहे, किती उंचावर आहे, वळणार की जाणार, हे तो ओळखायचा. त्यात काही जादू नव्हती, जन्म गेला होता त्याचा तिथे. बंदूक त्याने घरी ठेवली होती. "मी मारली तर गिऱ्हाइकांना काय उरणार?" असं म्हणायचा, आणि लोक हसायचे. तिकिटं तपासायची तर आता तो म्हणायचा, "नाव मोठ्याने वाचून दाखवा, शपथेसारखं." लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा.

पण आडोशात बसल्यावर 'मारा' हा शब्द त्याच्याच तोंडातून निघायचा. गिऱ्हाईक त्याच्यावर विसंबून उठायचं आणि चाप ओढायचं. मला रात्ररात्र झोप यायची नाही.

"कुणी मेलं म्हणजे?" मी विचारायचे.

"कुणी मरत नाही. मला ऐकू येतं."

"आणि समोरचा माणूस गप्प असला तर?"

"गप्प बसणारा माणूस आपल्या गावात आहे का एक तरी? दाखव, मी त्याला बक्षीस देतो."

असं करून तो मला हसवायचा, आणि हसले की माझा मुद्दा वाहून जायचा. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दर मोसमाला 'हा शेवटचा' म्हणायचा. त्या वर्षी मोसमाच्या आदल्या दिवशी मी बजावलं, यापुढे मी येणार नाही, आणि मी नसले तर तू एकटा कसा जातोस ते बघते. त्यावर त्याने नेहमीसारखं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, कोपर बाहेर काढून, तिकिटावर सही केली, फुंकर मारली आणि म्हणाला, "एवढा मोसम जाऊ दे, इर्मा. गंबोच्या रश्शाला मीठ कमी आहे." मी पातेल्याकडे वळले.

मोसमाच्या पहिल्या दिवशी ह्यूस्टनहून एक दातांचे डॉक्टर आले होते, व्हिटेकर नावाचे, आणि त्यांची मुलगी मेरेडिथ. मुलगी चांगली पंचविशीची, शाळेत शिकवणारी. शिकारीची तिची ही पहिलीच वेळ. तिने आयुष्यातलं पहिलं तिकीट घेतलं होतं आणि धक्क्यावरच्या दिव्याखाली स्वतःचं नाव अशा आवाजात वाचलं की क्लोव्हिस खूश झाला. "बघा," तो तिच्या बापाला म्हणाला, "हिला कळलंय आपण काय विकत घेतलंय ते. तुम्ही नुसते पुटपुटलात."

धुकं दाट होतं. होडीच्या पुढच्या टोकाला मी बसले होते तर मागे सुकाणूवर उभा असलेला क्लोव्हिस मला दिसत नव्हता. दुसरे वाटाडे त्या दिवशी उशिरा निघाले. क्लोव्हिस मात्र सरळ निघाला. त्याच्या दृष्टीने रोजचीच तऱ्हा होती. मी मनात म्हटलं, आज आपण सगळेच याच्यासारखे आहोत, आणि त्याला सांगायला आज माझे डोळेही नव्हते.

आडोसा म्हणजे पाण्यात रोवलेले खांब, त्यावर फळ्या, भोवती वाळलेलं गवत बांधलेलं. समोर आम्ही थव्यांना भुलवायला खोटी बदकं सोडली. ती सोडतानाच दिसेनाशी झाली. मी क्लोव्हिसच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आज नको. धुकं उठू दे."

"कायद्याने ठरलेली वेळ झाली की सुरू करायचं. पैसे देऊन आलेत ते."

"क्लोव्हिस, मला काही दिसत नाही."

"मला तीन वर्षं दिसत नाही," तो कुजबुजला, "सवय होते." आणि त्याने बदकांना बोलावायची पिपाणी तोंडाला लावली.

पहिला थवा वरून गेला. डॉक्टरांनी दोन पाडली. मेरेडिथची बंदूक उशिरा उठली. ती ओशाळून हसली. क्लोव्हिस म्हणाला, "घाई नको पोरी. मी सांगेन तेव्हाच ऊठ. मी सांगितल्यावर मात्र विचार करू नकोस." हे त्याचं नेहमीचं वाक्य. शेकडो गिऱ्हाइकांना त्याने हे सांगितलं होतं, आणि त्या पहाटे पहिल्यांदा मला ते ऐकवेना.

मग बराच वेळ काही आलं नाही. पाणी थपथप खांबांवर आपटत होतं. डॉक्टर बूट हलवत होते. आणि मग उजवीकडून, खालून, पंख वाजले. क्लोव्हिसने मान तिरकी केली. पिपाणी हळू वाजवली, आणखी हळू. आवाज फिरला. बदकं उतरायच्या बेतात होती, पाण्यापासून हातभर उंचीवर.

"आता! समोर! मारा!"

मेरेडिथ उठली. तिने विचार केला नाही. तिने बंदुकीचं टोक उतरत्या बदकांमागून खाली आणलं, आणि त्याच क्षणी धुक्यात मला एक काळा आकार दिसला. खोट्या बदकांच्या पलीकडे, लांबट, आणि त्यावर उभं काहीतरी. झाड तिथे नव्हतं. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. डॉक्टर म्हणतात मी किंचाळले. मी माझं सगळं अंग त्या बंदुकीवर टाकलं. बार उडाला, छर्रे आडोशाच्या पुढ्यातच पाण्यात घुसले, पाणी उसळून आमच्या तोंडावर आलं.

धुक्यातून आवाज आला, "थांबा! थांबा! माणूस आहे इकडे! अहो, माणूस आहे!"

मेरेडिथच्या हातातली बंदूक मी काढून घेतली तेव्हा तिची बोटं उघडेनात. क्लोव्हिस सगळ्यांच्या मध्ये पिपाणी धरून उभा होता आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होता.

"कोण आहे?" त्याने विचारलं. "इर्मा, कोण आहे?"

होडी पुढे आली. वल्हवत आलेली, मोटर बंद. उभा होता जेरेल एबेर, आमचा वॉर्डन. त्याचा बाप क्लोव्हिसचा मित्र, आणि याला बदकांची पिपाणी वाजवायला क्लोव्हिसनेच शिकवलं होतं. तोंड पांढरंफटक पडलं होतं पोराचं. आडोशाच्या खांबाला त्याने होडी बांधली तेव्हा दोरीची गाठ त्याला दोनदा मारावी लागली.

"चूक माझी," तो म्हणाला. "गुपचूप येऊन बदकं मोजावी म्हटलं. शीळ घालायला हवी होती."

"मिस्टर क्लोव्हिस," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढत चालला होता. "माझ्या मुलीच्या हातून आज माणूस मेला असता. तुम्ही म्हणालात मारा. तुम्ही समोर बघत होतात! या बाईंना दिसलं ते तुम्हाला कसं नाही दिसलं?"

"बाबा, पुरे," मेरेडिथ म्हणाली. ती फळीवर बसून रडत होती.

"पुरे काय? मी यांना प्रश्न विचारतोय."

"धुकं आहे, साहेब," जेरेल मध्ये पडला. "काका, चला, परवाने बघून घेतो आणि आज सगळे घरी जाऊ. कसं?"

त्याला वाटलं, कागद बघण्यात लोकांची मनं थोडी थाऱ्यावर येतील. क्लोव्हिसलाही तेच वाटलं असावं. कारण तो एकदम ताठ झाला. या एका बाबतीत त्याला कोणी बोट दाखवू शकत नव्हतं. त्याने छातीवरच्या खिशातून परवाना काढला. "माझा आधी बघ," तो म्हणाला. "हातात बंदूक नसली तरी तिकीट असतं माझ्याकडे. सहीसकट."

जेरेलने परवाना उलटा केला. बघत राहिला. मग बोटाने पुसून पाहिला आणि उजेडाकडे तिरका धरला.

"काका, सही कधी केलीत?"

"काल. घरी. हिच्या समोर."

जेरेलने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन वाकले. तिकीट कोरं होतं. बदकाचं चित्र स्वच्छ, वर शाईचा एक ठिपका नाही. पण तिरकं धरलं की सही दिसत होती. शेवटच्या अक्षराला तो जी शेपटी काढायचा ती सुद्धा, सगळी, पूर्ण, कागदात रुतलेली. पेनातली शाई संपली होती. त्याने कोरड्या टोकाने सही केली, तिच्यावर फुंकर मारली, आणि पेन खिशात टाकलं. ज्याला डोळे आहेत असा कुठलाही माणूस ही चूक करणार नाही. ते जेरेलला कळलं. डॉक्टरांनी मान पुढे काढून पाहिलं आणि त्यांनाही कळलं.

"काय झालं?" क्लोव्हिस म्हणाला. "इर्मा? काय झालं?"

इतकी वर्षं त्याला खांब आणि दोऱ्या सांगितल्या, आणि हे एक सांगायला माझी जीभ उचलेना.

जेरेल मात्र भला पोरगा. त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण काढलं, आणि पेन व परवाना क्लोव्हिसच्या हातात दिले. "पेन कोरडं होतं, काका. सही उठली नाही. होतं असं," तो म्हणाला. "आत्ता करून टाका. मी काही बघितलं नाही." आणि तो खरंच दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

वाट मोकळी होती. एक सही, आणि आम्ही घरी गेलो असतो. डॉक्टर तक्रार करतीलही, पण धुक्यावर ढकलता आली असती. दुसऱ्या दिवशी क्लोव्हिसने पुन्हा रांग लावली असती. मी मनात देवाची करुणा भाकत होते आणि खरं सांगते, कशासाठी ते माझं मलाच कळत नव्हतं. सही व्हावी म्हणून, की होऊ नये म्हणून.

क्लोव्हिसने अंगठ्याच्या नखाने तिकीट चाचपलं. नखाला कालची चीर लागली. त्या चरातून पेन फिरवलं असतं तर सही बरोबर जागी बसली असती, कोणाला कळलंही नसतं. त्याने पेनाचं टोक पहिल्या अक्षराच्या चरात ठेवलं.

पेन तिथेच थांबलं.

"जेरेल," तो म्हणाला, "तू किती लांब होतास?"

"खोट्या बदकांच्या जरा पलीकडे."

"उभा होतास?"

"हो, काका."

"म्हणजे छातीत लागलं असतं."

जेरेलने जाकिटाचं बटण लावलं.

"मला तू दिसला नाहीस," क्लोव्हिस म्हणाला. "धुकं नसतं तरी दिसला नसतास. आत्ताही दिसत नाहीस. तुझे खांदे दिसतात आणि टोपीची कड. तोंडाच्या जागी काही नाही." तो डॉक्टरांकडे वळला, म्हणजे जिथे ते असावेत असं त्याला वाटलं तिथे. ते जरा बाजूला होते. "साहेब, तुम्ही बरोबर विचारलंत. तीन वर्षं झाली. तुमच्या मुलीचा दोष नाही. पोरी, ऐकतेस ना? तुझा दोष नाही. मी म्हटलं विचार करू नकोस, आणि तू माझं ऐकलंस."

त्याने पेनाला टोपण लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. पेन आणि परवाना जेरेलच्या हातात परत दिले.

"लिही," तो म्हणाला. "बिनसहीचं तिकीट. दंड लिही."

"काका, कशाला—"

"तुला मी काय शिकवलं? सही नाही म्हणजे तिकीट नाही. लिही. आणि वाटाड्याचा परवाना कुठे परत द्यायचा असतो, तेही सांग."

जेरेलने दंडाची चिठ्ठी लिहिली. लिहिताना त्याचं नाक वाहत होतं आणि तो बाहीला पुसत होता. मला आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग नवऱ्याचा आला. तीन वर्षं मी जे मागत होते ते याने एका क्षणात, चार लोकांसमोर, मला न विचारता देऊन टाकलं. आणि त्या रागाखाली मला त्याचा अभिमानही तेवढाच वाटला. डॉक्टरांनी पाडलेली बदकं मुकाट्याने उचलली. मेरेडिथने क्लोव्हिसच्या कोपराला धरून त्याला होडीत उतरवलं. मी धरायच्या आधी तिने धरलं, आणि त्याने धरू दिलं.

तो सुकाणूकडे गेला नाही. पुढे, गिऱ्हाइकांच्या फळीवर जाऊन बसला. मोटर मी सुरू केली. एवढ्या वर्षांत त्याची पाठ मी कधी पाहिली नव्हती. होडीत नेहमी तोच माझ्या मागे उभा असायचा. जाकीट खांद्यांवर सैल झालं होतं. मी मोठ्या कालव्यात होडी घातली. पुढच्या वळणाला मला काठच दिसेना, आणि गवत होडीच्या बाजूला घासायला लागलं.

"उजवीकडे घे," तो मान न वळवता म्हणाला. "गवतात घातलीस. रडतेस वाटतं?"

"धुकं आहे," मी म्हटलं.

"धुकं केव्हाच उठलंय, इर्मा. माझ्या तोंडावर ऊन येतंय."